उतरवलेले तास

गार इंजिनाला हात लावल्याशिवाय आमच्या बाजारात कुणी जनरेटर विकत घेत नाही. गिऱ्हाईक पहाटे सहाला येतं, ऊन चढायच्या आत. चहा नंतर. आधी सरळ जाऊन इंजिनाच्या अंगावर पंजा ठेवतं. गार लागलं तर म्हणतं, चालू करा. कोमट लागलं तर उलट्या पावली चालू पडतं. कारण म्हाताऱ्या इंजिनाला सकाळी उठताना खोकला येतो, आणि तो लपवायला विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच ते अर्धा तास चालवून ठेवतो. बगदादमधल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. जिथे दिवसातले दहा-बारा तास सरकारी वीज नसते, तिथे लोक जावयापेक्षा जनरेटर जास्त पारखून घेतात.

मी जासिब. मिस्त्री माणूस, म्हणून सगळे उस्ता जासिब म्हणतात. हज्जी फाखिरच्या आवारात मी एकवीस वर्षं घालवली. तुम्ही विचाराल, काम काय? तर मी जनरेटर तरुण करायचो. परदेशात झिजलेली यंत्रं बंदरातून ट्रकवर चढून आमच्याकडे यायची. मी ती धुवायचो, नवे पाइप घालायचो, पिवळाधमक रंग मारायचो आणि सगळ्यात शेवटी तास उतरवायचो. गाडीला जसे किलोमीटर तसे जनरेटरला तास. किती तास चाललाय ते मीटरवर दिसतं. तेवीस हजार असतील तर मी सहा हजार करायचो. पंधरा मिनिटांचं काम.

याला आमच्यात कुणी पाप म्हणत नाही हो. केसांना कलप लावण्यासारखं ते. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक, तरी गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: किती तास? आणि त्या खोट्या आकड्यावरच भाव ठरायचा. मीही कधी विचार केला नाही. खोटं कशाला बोलू, विचार करावासा वाटलाच नाही.

गेल्या जूनमध्ये एका सकाळी ट्रकमधून क्रेनने एक जनरेटर उतरवला. अडीचशे केव्हीएचा, सहा सिलिंडरचा. रंग उडालेला, एका बाजूला पोचा आलेला. हज्जी फाखिर जपमाळ फिरवत माझ्याजवळ आला.

"भंगाराच्या भावात हाती लागला, उस्ता. एका बर्फाच्या कारखान्यात होता. बघ तरी, ओळखीचा वाटतो का?"

त्याच्या पेटीच्या दाराच्या बिजागरीवर मी वेल्डिंगचा टाका मारला होता. माझा टाका मला लांबून ओळखू येतो, थोडा डावीकडे वाहतो.

"नाही," मी म्हणालो. "असले शंभर येतात."

ओळखला नव्हता कसा! सहा वर्षांपूर्वी मीच त्याचे तेवीस हजाराचे सहा हजार केले होते. फुरात नदीकाठच्या एका गावातल्या छोट्या इस्पितळाने तो नेला. गावाचं नाव घेत नाही. तिथे जनरेटर चालवायला गझवान नावाचा नवा माणूस ठेवला होता. सरळ माणूस, मीटरवर विश्वास ठेवणारा. पंधरा हजार तासांनी इंजिन उघडून आतली बेअरिंगं बदलायची असतात, म्हणून तो मीटर पंधरा हजारावर यायची वाट बघत होता. मीटर नऊ हजार दाखवत होतं. खरे सव्वीस झाले होते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याचा मला फोन आला. "उस्ता, दुपारी तेलाचा काटा खाली येतो हो. आतून ठकठक ऐकू येते. थांबवून उघडू का?"

थांबव आणि उघड, एवढंच म्हणायचं होतं. पण उघडल्यावर आतली झीज बघून कुणीही विचारलं असतं, नऊ हजार तासांत एवढी? मग बोट माझ्याकडे वळलं असतं. मी म्हणालो, "तेल पातळ झालंय उन्हाने. जाड तेल घाल आणि चालव. काही होत नाही त्याला."

चार दिवसांनी भर दुपारी पुन्हा फोन. "उस्ता, बंद पडलं." त्याच्या मागे कुठलं यंत्र चालत नव्हतं, म्हणून बाईचं ओरडणं मला स्पष्ट ऐकू आलं. आतल्या खोलीत तीन बाळं श्वासाच्या यंत्रावर होती. तिन्ही गेली. गझवानला निष्काळजीपणाबद्दल आठ महिने आत ठेवलं. माझं नाव कुठे आलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आणि आता तो जनरेटर हिंडून फिरून माझ्याच दारात आला होता.

मीटरवर चौदा हजार दोनशे दिसत होते. हज्जी म्हणाला, "पाच कर." मी मुकाट्याने पाच हजार केले. धुतला, रंगवला, पोचा काढला.

तिसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, एका मोहल्ल्याला वीज विकणारा जाडजूड माणूस. त्याने पंजा ठेवला आणि लगेच उचलला.

"हज्जी, मी काय आज जन्मलोय? गरम करून ठेवलाय की!"

"आईशप्पथ नाही!"

"तुमच्या आईला कशाला मध्ये आणता? हात लावा तुम्हीच."

हज्जीने हात लावला. कोमट. गिऱ्हाईक शिव्या घालत गेलं आणि हज्जीने त्याच शिव्या वळवून राखणदार मुताशरवर सोडल्या. मुताशर म्हणजे आवारातच झोपणारा, सत्तरीला टेकलेला म्हातारा.

"कुणी चालू केला होता?"

"कुणी म्हणजे? अडीचशेचा जनरेटर आहे तो, काय मांजर आहे हळूच यायला? चालू झाला असता तर अर्धा बाजार जागा झाला असता. तुम्ही घरी ऐकला असता."

म्हातारा खरं बोलत होता. त्या संध्याकाळी मी बॅटरी काढून घरी नेली. बॅटरीशिवाय कुणाचा बाप तो चालू करू शकत नाही. पहाटे साडेपाचला येऊन हात लावला. पुन्हा कोमट.

मी मिस्त्री माणूस, अशा वेळी देवाचं नाव घेण्याआधी पाना घेतो. बाजूचं झाकण काढलं आणि एकेका सिलिंडरवर हात ठेवत गेलो. पहिला गार. उन्हाळा असला तरी पहाटेचं लोखंड हाताला गारच लागतं. दुसरा कोमट. तिसरा कोमट. चौथा गार. पाचवा कोमट. सहावा गार. आता सांगा, लोखंडाचा एकसंध ठोकळा, त्यात ऊब अशी उड्या मारत बसेल का? तापलं तर सगळं तापेल. आणि ती ऊब चाललेल्या इंजिनाची नव्हतीच. चाललेलं इंजिन चटका देतं, त्याला डिझेलचा वास असतो. ही नुसती ऊब होती, मऊ म्हणावी अशी. लोखंडाला मी आयुष्यात कधी मऊ म्हटलं नव्हतं.

मी झाकण लावलं आणि पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो. तीन हा आकडा माझ्या डोक्यात आला होता. मी तो झटकला.

पुढच्या तीन आठवड्यांत सात गिऱ्हाइकं आली आणि सातही हात लावून गेली. बाजारात बोभाटा झाला. हज्जी फाखिरकडचा पिवळा लबाड, असं नाव पडलं त्याला. आमच्याकडे मोठे व्यवहार दफ्तरात बोलतात. एक दफ्तर म्हणजे शंभर डॉलरच्या शंभर नोटा. अडीच दफ्तरावरून भाव दोनवर आला, दोनवरून दीडवर.

"लोक इंजिनाचे कापतात, वाइंडिंगचे कापतात," हज्जी डोकं धरून म्हणाला. "नुसत्या उबेचे एक दफ्तर कापलेले मी पहिल्यांदा बघतोय. उस्ता, तू काही केलंयस का याला?"

"मी काय करणार?"

"मग असा चेहरा का घेऊन फिरतोस? बापाच्या मयताला नव्हता एवढा पडलेला."

मी जेवत नव्हतो धड. सकाळी सामून-गैमर, म्हणजे पाव आणि म्हशीची दाट साय, समोर यायचं, पाव मोडायचा आणि तसाच ठेवायचा. मी काम सोडून पळून जायला हवं होतं. पण रोज साडेपाचला पाय तिकडेच वळायचे. हात ठेवायचो. दुसरा, तिसरा, पाचवा. रोज तेच.

जुलैच्या सुरुवातीला एका पहाटे सित्त बहीजा आली. सित्त म्हणजे आमच्याकडे बाई. दक्षिणेत अमारा शहराच्या बाजूला एक धर्मादाय प्रसूतिगृह आहे, तिथली ही मुख्य परिचारिका. पन्नाशीची, ठेंगणी, काळा अबाया, खांद्याला पिशवी, हातात शाळेची वही. रात्रभर बसमध्ये बसून आली होती, तरी डोळे टक्क उघडे. मुताशरने पाणी दिलं, ते उभ्याउभ्याच प्यायली आणि सरळ म्हणाली, "अडीचशेचे दाखवा."

हज्जीने तीन दाखवले. तिने भाव विचारले, वहीत लिहिले आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"हा साडेचार दफ्तर, तो तीन आणि कोपऱ्यातला दीड. तिन्ही अडीचशेचे, तिन्ही पिवळे. मग एवढा फरक कशाचा?"

"सित्त, पहिला कोरा करकरीत," हज्जी सुरू झाला. "कंपनीचे कागद, सुटे भाग कुठेही मिळतील, दोन वर्षं बघायला नको. दुसरा परदेशात होता. तिथे वीज वर्षातून दोनदा जाते, म्हणून कमी चाललेला. तिसरा आपला, म्हणजे, ठीक आहे."

"पाटीवर अडीचशे लिहिलंय ते तासाभराचं की दिवसभराचं?"

हज्जीने माझ्याकडे पाहिलं. शंभरातली नव्याण्णव गिऱ्हाइकं हे विचारत नाहीत. मी पुढे झालो. "तासाभराचं, सित्त. सलग दिवसभर चालवायचा तर सव्वादोनशे धरा. आणि आपल्या बावन्न अंशांच्या उन्हात दोनशे."

"म्हणजे अडीचशेचे पैसे देऊन दोनशेचा घ्यायचा. बरं. आतलं वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं?"

"पहिल्या दोघांचं तांब्याचं. तिसऱ्याचं एकदा जळून पुन्हा भरलेलं आहे. अॅल्युमिनियम."

"रेडिएटर आपल्या उन्हाचा की थंड मुलखातला?"

"दुसऱ्याचा थंड मुलखातला. बदलावा लागेल."

"त्याचे वेगळे. डिझेल कोण जास्त पितं? क्रेन, ट्रक आणि अमारापर्यंतच्या नाक्यांवरचे पैसे कुणाच्या खिशातून? वीज गेल्यावर आपोआप चालू व्हायचं कपाट यात धरलंय की त्याचेही वेगळे?"

हज्जीने जपमाळ खिशात टाकली. "सित्त, तुम्ही बाळंतपणं करता की लिलाव?"

"दोन्हीकडे आरडाओरडाच ऐकावा लागतो, हज्जी. सवय आहे मला." ती हसली नाही. "माझ्याकडे पावणेदोन दफ्तर आहेत. लोकांनी कानातलं, हातातलं विकून दिलेत. सात काचेच्या पेट्या आहेत, सातव्या-आठव्या महिन्यात आलेली लेकरं त्यात असतात. जुना जनरेटर मेलाय. आत्ता शेजारच्या पिठाच्या गिरणीतून तार ओढलीये. गिरणीवाला दुपारी बंद करतो, तेव्हा आम्ही लेकरं आयांच्या छातीला बांधतो. ऑगस्ट तोंडावर आलाय. मी मोकळ्या हाताने परत जाऊ शकत नाही. म्हणजे मला परवडेल असा तिसराच. त्याचे तास किती?"

"पाच हजार," हज्जी म्हणाला.

मी गप्प बसलो. तुम्हाला वाटेल, त्या क्षणी माझी जीभ सुटली असेल. नाही सुटली. मी माझ्या पायातल्या चपलांकडे बघत राहिलो. सात पेट्या ऐकूनही मी गप्प बसलो, हे मी लपवत नाही.

"हात लावून बघते," ती म्हणाली.

"लावा की," हज्जी म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता. दीड दफ्तरही हातचं जाणार, असं त्याला दिसत होतं.

तिने बाही मागे सारली. बाजारातले लोक पंजा सपाट ठेवतात. तिने बोटांच्या पाठीने स्पर्श केला, आपण तापलेल्या पोराच्या गळ्याला लावतो तसा. मग हात उलटा करून तळवा ठेवला. डोळे मिटले. तिने हात थोडा सरकवला. थांबली. पुढे सरकवला. पुन्हा थांबली. बाहेर हातगाडीवाला कलिंगडं विकत होता, त्याची हाक ऐकू येत होती.

"हे इंजिन चाललेलं नाही," ती म्हणाली. "ही सदतीसची ऊब आहे. बत्तीस वर्षं माझा हात यावरच आहे, उस्ता. थर्मामीटर नंतर लावते, आधी हात सांगतो." तिने बोट दाखवलं. "इथे. इथे. आणि हा पलीकडे, थोडा लहान आहे." मग माझ्याकडे वळली. "तिघं आहेत. कुणाची?"

खोटं नाही सांगत, मी तिथेच डिझेलच्या डागावर बसलो. तीन हा आकडा मी या आवारात कधी उच्चारला नव्हता.

"हिला काय झालं, काय बडबडतेय?" हज्जी म्हणाला. "उस्ता, ऊठ. ऊन लागलं का?"

मी सगळं सांगितलं. तेवीस हजार, सहा हजार, गझवानचा फोन, जाड तेल, बाईचं ओरडणं. या वेळी पाच हजार केले तेही सांगितलं. हज्जीने मला गप्प करायला खांदा धरून हलवलं, मग त्याचाच हात गळून पडला. त्यालाही एवढं ठाऊक नव्हतं. मुताशर भिंतीकडे तोंड करून पुटपुटत प्रार्थना म्हणू लागला.

सित्त बहीजा उभीच होती. मला वाटलं थुंकेल. थुंकली असती तर बरं वाटलं असतं.

"त्यांच्या आयांना माहीत आहे?"

"नाही."

"गझवानला?"

"नाही."

"तू म्हणजे अगदी मोठा मिस्त्री," ती म्हणाली. "पंधरा मिनिटांत सतरा हजार तास गायब करतोस. कुठे गेले रे ते? हवेत? कुणाच्या तरी अंगावर पडलेच ना ते?" तिचा आवाज चढला नव्हता. वही तिने मिटून पिशवीत टाकली. "आता खरं सांग. आत्ता हा कसा आहे?"

"वाईट. वरवर बांधलाय. बेअरिंगं दुय्यम, पंप थकलेला."

"दुरुस्त होईल?"

"होईल. पूर्ण उघडून. वीस दिवस लागतील. तांब्याचं वाइंडिंग भरावं लागेल. पण सित्त, तो म्हातारा आहे, एकतीस हजारांचा. त्याच्याजवळ रोज कान देऊन बसणारा माणूस लागेल. मीटर बघून चालवणारा नाही चालायचा."

"आमचा चालवणारा वसंतात पोलिसात भरती झाला," ती म्हणाली. मग हज्जीकडे वळली. "दीड दफ्तर मी देते. दुरुस्तीचं सामान तुम्ही घाला. आणि हा माणूस त्याच्याबरोबर येईल."

"अहो, मी जनरेटर विकतो, माणसं नाही विकत!"

"तुम्ही काय काय विकलंत ते आत्ता ऐकलं मी."

हज्जीने जपमाळ पुन्हा बाहेर काढली. शेवटी म्हणाला, "सामान घ्या. तांबंही घ्या. पण तो माझ्या दारातून न्या एकदाचा."

"मला का नेता?" मी विचारलं. "माझ्यासारख्याला?"

"मी तुला माफ करायला नाही नेत. माफ करणारी मी कोण? ज्यांनी करायचं त्या आया आहेत कुठेतरी. मला सात पेट्या चालू ठेवायच्यात, आणि त्याची ठकठक झोपेतही ऐकेल असा माणूस मला दुसरा कुठे मिळणार?" आणि मग म्हणाली, "ऊठ आता. चहा पाजा कुणीतरी. रात्रभर उपाशी आहे मी."

वीस दिवसांचं काम मी सतरात केलं. शेवटच्या दिवशी मीटर हातात घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तास चढवले. एकतीस हजार दोनशे. चढवायलाही पंधरा मिनिटंच लागली. अमाराला निघायच्या आधी मी गझवानला फोन केला. तो आता टॅक्सी चालवतो. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर बंद.

अमाराला प्रसूतिगृहाच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथेच माझी खाट, आणि कोपऱ्यात प्राणवायूच्या यंत्रांपुरता एक छोटा जनरेटर. रोज पहाटे हात ठेवायचो. दुसरा, तिसरा, पाचवा. ऊब तशीच होती. मी घाबरायचं सोडून दिलं होतं. उलट, कधी हात ठेवला की म्हणायचो, उठलात का? वेडा म्हणा हवं तर. आत पेट्यांच्या खोलीत मात्र मी पाऊल टाकलं नाही. सित्त बहीजा एकदा म्हणाली, ये, बघ तरी. मी म्हणालो, हात तेलाचे आहेत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारी वीज तीन दिवस गेली. जनरेटर सलग चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सुक्या लिंबाचा चहा ओतत होतो आणि ती ऐकू आली. ठक. इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला कळलीही नसती. तेलाचा काटा बघितला. केसभर खाली.

तोच महिना, तीच वेळ. मनात आलं, अजून चालेल. संध्याकाळपर्यंत चालेल. थांबवला आणि आतून काही निघालं तर सगळे म्हणतील, हाच तो. आधी मारली ती कमी पडली म्हणून आता इथे आला. जाड तेलाचा डबा हातापाशीच होता. खरंच सांगतो, माझा हात तिकडे गेला होता.

मग मी धावलो. चपला शेडमध्येच राहिल्या. तापलेल्या फरशीवरून, मधल्या बोळातून, जिथे पाऊल टाकायचं नाही म्हटलं होतं त्याच खोलीच्या दारात जाऊन ओरडलो, "सित्त! थांबवावा लागेल! दोन तास! आत्ताच!"

तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. का, कसं, काहीच विचारलं नाही. "मुलींनो, आयांना बोलवा," ती म्हणाली. "लेकरं बाहेर काढा, छातीला बांधा. प्राणवायूची यंत्रं छोट्या जनरेटरवर घ्या. ओले पडदे लावा." दोन मिनिटांत सात बायका भिंतीला टेकून ओळीने बसल्या, प्रत्येकीच्या झग्यात एक मूठभर जीव. तिने हात वर केला. मी जाऊन खटका खाली ओढला.

जनरेटर थांबला तेव्हा जी शांतता झाली ती मला ओळखीची होती. सहा वर्षांपूर्वी फोनमध्ये ऐकलेली. फक्त या वेळी तिच्यात कुणी ओरडत नव्हतं. एक आई काहीतरी गुणगुणत होती.

तळाचं झाकण उघडलं. तेलाने कोपरापर्यंत हात भाजत होता. तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग फाटायला लागलं होतं. अजून तासभर चालवला असता तर इंजिन जागीच जाम झालं असतं. नवं बेअरिंग मी बगदादहून आणून ठेवलंच होतं. एक तास पन्नास मिनिटांत बसवलं. चालू केला. काटा वर गेला आणि तिथेच राहिला. आतून सित्त बहीजाचा आवाज आला, "सातही ठीक!" मी पाना हातात धरून उभा होतो आणि माझे दात कडकड वाजत होते, पन्नास अंशांच्या उन्हात.

संध्याकाळी वीज आली. जनरेटर बंद केला. मी खाटेवर पडलो तो मेल्यासारखा झोपलो.

पहाटे उठून हात ठेवला. पहिला गार. दुसरा गार. मला वाटलं, चुकून भलतीकडे ठेवला. झाकण काढलं, पुन्हा सुरुवातीपासून हात फिरवला. तिसरा गार. चौथा, पाचवा, सहावा. पहाटेच्या लोखंडासारखं लोखंड.

मला वाटलं होतं, हे झालं की छातीवरचा दगड उतरेल. कसला उतरतोय! मी वेड्यासारखा हात फिरवत राहिलो, एकदा, दहादा, गाल लावून बघितला. पाचव्यापाशी, तो थोडा लहान होता ना, तिथे सगळ्यात जास्त वेळ. मग हुंदका फुटला तो थांबेचना.

सित्त बहीजा शेडच्या दारात येऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. आतले दिवे फडफडले आणि गेले. सरकारी वीज पुन्हा गेली होती.

"काय झालं, उस्ता?"

"गार आहे," मी म्हणालो. "सगळं गार आहे, सित्त."

ती आत आली, स्वतः हात लावून बघितला. मग तोच हात क्षणभर माझ्या डोक्यावर ठेवला.

"मग चालू कर," ती म्हणाली. "आतली वाट बघताहेत."